वीज जवळ पडली, आता एका डोळ्याने मधले दिसत नाही: मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहावी की पडद्याचा स्कॅन करावा?

देवगड तालुक्यातून एका मुलाने आपल्या वडिलांविषयी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे आहेत. आंब्याची कलमे आणि थोडी भातशेती आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारनंतर आभाळ भरून आले, कापलेले भात भिजू नये म्हणून घाई चालली होती आणि बांधावरच्या ऐनाच्या झाडावर वीज पडली. वडील झाडापासून पंधरा-वीस फुटांवर होते. ते कोसळले, काही मिनिटे बेशुद्ध होते, दोनएक तास पाय लुळे पडले होते. पण संध्याकाळपर्यंत उठून बसले. ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढून दोन दिवस देखरेखीखाली ठेवले आणि घरी सोडले. आता तीन आठवडे झाले. उजव्या डोळ्याने समोरच्याचा चेहरा धूसर दिसतो, वर्तमानपत्रातील ओळी मध्येच वाकड्या होतात आणि उजव्या कानात सतत शिटी वाजते. एका दवाखान्यात बॅटरीच्या उजेडात डोळा पाहून ‘मोतीबिंदू धरतो आहे, पिकला की काढू’ असे सांगितले. कोल्हापूरचे नातेवाईक ओसीटी, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन, करा म्हणतात. वाडीतील मंडळींचे म्हणणे असे की लखलखाटाने डोळा दिपला आहे, तो आपोआप बरा होईल. थांबावे की नाही, स्कॅनची खरोखर गरज आहे का, नजर परत येईल का आणि येत्या हंगामात वडिलांना कलमांवर चढू द्यावे का, हे तुमचे चार प्रश्न आहेत.

मी सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांत पंचवीसहून अधिक वर्षे डोळ्यांचा डॉक्टर म्हणून काम करीत आहे आणि त्यातील बराच काळ पडद्याच्या आजारांवरच गेला आहे. विजेने जखमी झालेले डोळे हा रोजच्या बाह्यरुग्ण विभागातला विषय नव्हे. पण आपल्याकडे वळवाच्या सरी पडतात तेव्हा आणि परतीच्या पावसात, म्हणजे नेमके माणसे शेतात असतात तेव्हा, असे रुग्ण येतात. आषाढ-श्रावणात पाऊस कितीही कोसळला तरी कडकडाट कमी असतो. हस्त-चित्रा नक्षत्रांत मात्र दुपारी सह्याद्रीच्या बाजूने ढग चढतात आणि भातकापणी ऐन भरात असते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात दिवस महत्त्वाचे आहेत. थांबू नका. याच आठवड्यात बाहुली मोठी करून दोन्ही डोळ्यांची पूर्ण तपासणी आणि दोन्ही डोळ्यांच्या पीतबिंदूचा, म्हणजे पडद्याच्या केंद्राचा, ओसीटी स्कॅन करून घ्या. डोळा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय निदान करणे मला शक्य नाही आणि ते मी करणारही नाही. पण तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टींमुळे हा केवळ मोतीबिंदू आहे असे मानणे मला धोक्याचे वाटते.

त्यांतली पहिली गोष्ट म्हणजे वाकड्या दिसणाऱ्या ओळी. डोळ्याचे भिंग गढूळ झाले तर सगळेच चित्र धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते, उन्हात डोळे दिपतात, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात. सरळ ओळ मध्येच वाकणे, अक्षराचा तुकडा गळणे, चेहऱ्याचा मधला भाग नाहीसा होणे ही भिंगाची लक्षणे सहसा नसतात; ती पडद्याच्या केंद्राची, म्हणजे पीतबिंदूची, लक्षणे असतात. डोळा कॅमेरा मानला तर भिंग ही पुढची काच आहे आणि पडदा ही मागची फिल्म आहे. काच मळली तर चित्र अंधुक होते. फिल्मला सुरकुती पडली, फोड आले किंवा भोक पडले तर चित्र वाकडे होते. तुमच्या वडिलांच्या तक्रारीत दोन्ही प्रकारची लक्षणे मिसळलेली आहेत आणि बॅटरीच्या उजेडात फक्त पुढची काच दिसते. तिथे मोतीबिंदू दिसला हे निरीक्षण बरोबर असू शकेल. पण वीज एकाच वेळी डोळ्याच्या पुढच्या आणि मागच्या भागाला इजा करू शकते, आणि पुढे एक कारण सापडले म्हणून मागे दुसरे नाही असे ठरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लुळे पडलेले पाय आणि कानातील शिटी. हे तुम्ही सहज लिहिले असेल, पण माझ्या दृष्टीने तो मोठा पुरावा आहे. विजेच्या आघातानंतर हातपाय काही तास निर्जीव होऊन पुन्हा पूर्ववत होणे ही ओळखीची गोष्ट आहे आणि कानाचा पडदा फाटणे ही तर अगदी नेहमीची. याचा अर्थ वडिलांनी फक्त लखलखाट पाहिला असे नाही, तर विद्युतप्रवाह आणि हवेचा प्रचंड दाब त्यांच्या शरीरापर्यंत पोहोचला. वीज थेट अंगावर पडण्याचे प्रसंग थोडे असतात. बहुतेक वेळा ती झाडावर पडते आणि झाडाकडून माणसाकडे उडी घेते किंवा ओल्या जमिनीतून पसरत पायांवाटे शरीरात शिरते. भिजलेल्या मळ्यात झाडापासून वीस फूट हे अंतर सुरक्षित नाही.

लखलखाटाने डोळा दिपला, या समजाबद्दल दोन शब्द लिहितो, कारण त्या समजापायी पुष्कळ लोक महिना-महिना घरी बसतात. तीव्र प्रकाशाने डोळ्याला इजा होते हे खरे आहे. वेल्डिंग करणाऱ्यांचे डोळे रात्री चुरचुरतात, पाण्याने भरतात. ती बुबुळाच्या वरच्या थराची जखम असते आणि एक-दोन दिवसांत भरून येते. ग्रहणाच्या वेळी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या पीतबिंदूच्या मध्यावर बारीकसा डाग पडतो. २६ डिसेंबर २०१९ च्या सूर्यग्रहणानंतर असे दोन शाळकरी मुलगे माझ्याकडे आले होते. पण सूर्याकडे टक लावून पाहण्याला काही सेकंद, कधी मिनिटे लागतात. वीज चमकून संपते ती सेकंदाच्या अंशात. तीन आठवड्यांनंतरही टिकून राहिलेली धूसर नजर निव्वळ दिपण्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

मग नेमके काय होत असावे? घरातला शॉक २३० व्होल्टचा असतो आणि माणूस तारेला चिकटला तर तो बराच वेळ लागत राहतो. विजेचा प्रवाह साधारण ३०,००० अँपिअरच्या घरात असतो, पण तो क्षणभरच टिकतो, आणि त्यातला मोठा भाग ओल्या कातडीवरून व कपड्यांवरून वाहून जातो. म्हणूनच इतक्या प्रचंड शक्तीचा आघात होऊनही माणसे वाचतात आणि कित्येकदा अंगावर भाजल्याची मोठी खूणही नसते. पण जो थोडा प्रवाह शरीरात शिरतो, तो जिथे अडतो तिथे उष्णता निर्माण होते. पडद्याच्या मागे रंगद्रव्याने भरलेल्या पेशींचा एक थर असतो. तो प्रकाश शोषण्यासाठी असतो, विद्युतप्रवाहालाही तो अडवतो आणि तापतो, आणि त्याला टेकूनच प्रकाश ओळखणाऱ्या पेशी उभ्या असतात, असे स्पष्टीकरण दिले जाते. याशिवाय हवेच्या दाबाचा धक्का डोळ्याच्या गोळ्याला बसतो, रक्तवाहिन्या क्षणभर आवळतात आणि माणूस पडताना डोक्याला मार लागतो तो वेगळाच. एका रुग्णात यातील कोणत्या कारणाचा वाटा किती, हे वेगळे करून दाखवता येत नाही. परिणाम मात्र पाहता येतात. पीतबिंदूत पाणी साठून फोड येणे, तिथे छिद्र पडणे, पडद्यावर रक्तस्राव होणे, क्वचित पडदा सुटणे, दृष्टिचेतेला (डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला) सूज येणे; पुढच्या भागात बुबुळाला इजा, आतली सूज आणि मोतीबिंदू, असा हा पसारा आहे.

या पसाऱ्यातील मोतीबिंदू ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत जुनी ओळखीची गोष्ट आहे. विजेमुळे झालेल्या मोतीबिंदूची नोंद एका फ्रेंच नेत्रवैद्याने १७२२ मध्येच करून ठेवली होती. तो काही दिवसांत दिसू शकतो, काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही. सुरुवातीला भिंगाच्या आवरणाखाली बारीक बुडबुड्यांसारखे ठिपके दिसतात आणि ते बहुधा कडेला, बाहुलीच्या काठाआड लपलेले असतात. बाहुली मोठी केल्याशिवाय ते हाती लागत नाहीत.

तुम्हाला सांगायची मुख्य गोष्ट आता येते. विजेच्या इजेत पडदा आणि भिंग यांची घड्याळे वेगवेगळी चालतात. पडद्याची इजा पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत ठरते, बदलते, बरी होते किंवा कायमची होते. भिंगाची इजा मागाहून, सावकाश येते. ती पुरती आली की मागचे काहीच दिसत नाही. म्हणजे पडदा पाहण्याची, मोजण्याची आणि त्याचे चित्र जपून ठेवण्याची संधी आता आहे, भिंग अजून बरेचसे पारदर्शक असताना. ‘पिकू द्या’ हा सल्ला मानला, तर मोतीबिंदू पिकेल आणि त्याबरोबर ही खिडकी बंद होईल. शिवाय मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढता येत नाही ही कल्पना जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातली आहे. फेको पद्धतीत, म्हणजे ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून काढण्याच्या आजच्या शस्त्रक्रियेत, पिकण्याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.

हे मी पुस्तकातून नव्हे, एका रुग्णाकडून शिकलो. व्यवसायाच्या पहिल्या वर्षांत मालवणच्या बाजूचा एक रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणारा मच्छीमार, माझ्याकडे आला होता. होडी किनाऱ्याला ओढत असताना जवळ वीज पडली होती, त्यावर आठ महिने उलटले होते आणि डोळ्यात मोतीबिंदू पांढराशुभ्र झाला होता. तेव्हा माझ्याकडे ओसीटी यंत्र नव्हते. अशा डोळ्यात करतात तशी सोनोग्राफी मी केली, पडदा जागेवर आहे हे पाहिले आणि शस्त्रक्रियेनंतर चांगले दिसेल असे त्याला सांगून मोकळा झालो. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “डॉक्टरांनू, तुमचा तोंड दिसणा नाय, बाजूची खिडकी बरोब्बर दिसता.” पीतबिंदूला जुने छिद्र होते आणि त्याच्या कडा कधीच्या बसून गेल्या होत्या. सोनोग्राफीत पडदा सुटला आहे की नाही हे कळते. पण असे बारीक छिद्र त्यात सहसा दिसत नाही. त्याला जाळे शिवायचे होते आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्याने ते पुन्हा जमेल असे धरले होते. त्याची नजर ६/६० च्या (निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसते ते सहा मीटरवरून दिसणे) पुढे गेली नाही. शस्त्रक्रियेचे मला दुःख नाही. आशा दाखवताना मी मागची बाजू न पाहता बोललो, याचे मात्र आजही आहे. त्यानंतर विजेच्या प्रत्येक रुग्णाचा पडदा पहिल्याच भेटीत पाहून नोंदवून ठेवायचा, हा नियम मी मोडलेला नाही.

आता स्कॅनविषयी. ओसीटी ही प्रकाशाने केलेली सोनोग्राफी समजा. डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश पडद्यावर सोडतात, वेगवेगळ्या थरांवरून तो परत येतो आणि त्यातून पडद्याचा उभा काप पडद्याला न कापता दिसतो. अमेरिकेतील एमआयटीमधील डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र १९९१ मध्ये मांडले. पीतबिंदूच्या भागात पडद्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर असते आणि हल्लीची यंत्रे त्यातील पाच-सात मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांतील, फरक दाखवतात. इंजेक्शन नाही, क्ष-किरण नाहीत, डोळ्याला स्पर्शही नाही. हनुवटी टेकून समोरच्या खुणेकडे काही सेकंद स्थिर पाहायचे असते. दुर्बिणीतून पाहताना पीतबिंदूवर फक्त पिवळसर ठिपका किंवा फिकट सूज दिसते, तिथे स्कॅनमध्ये ते पाण्याचे फोड आहेत, अर्धवट छिद्र आहे की आरपार छिद्र आहे, की वरचे थर शाबूत असून खालच्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशींची रेघ तुटली आहे, हे स्पष्ट होते. या चार गोष्टींचे भविष्य चार प्रकारचे आहे आणि रुग्णाची तक्रार मात्र एकच असते.

स्कॅन कसा केला जातो यावर बरेच अवलंबून आहे, म्हणून इथे थोडा थांबतो. नेहमीच्या तपासणीत सहा मिलिमीटरच्या चौकोनात पंचवीस काप घेतले, तर दोन कापांमध्ये पाव मिलिमीटरचे अंतर राहते. विजेने पडलेले छिद्र त्याहून लहान असू शकते आणि दोन कापांच्या मधून निसटू शकते. तेव्हा स्कॅन करणाऱ्या तंत्रज्ञाला इजेचे कारण सांगा आणि मध्यभागातून जवळजवळ घेतलेले काप, आडवे व उभे दोन्ही, घ्यायला विनंती करा. दुसरे म्हणजे अहवालावरचा रंगीत नकाशा आणि ‘सरासरी जाडी’चा आकडा पाहून निष्कर्ष काढू नये. सरासरी एक मिलिमीटर रुंदीच्या वर्तुळाची असते. मध्ये छोटे छिद्र आणि कडेला सूज असली तर सरासरी अगदी निरोगी दिसू शकते. शिवाय भिंग गढूळ असेल तर यंत्र थरांच्या सीमा चुकीच्या आखते आणि त्या चुकीवरून हिरवा किंवा लाल रंग भरते. डॉक्टरांनी प्रत्यक्ष काप पाहिले पाहिजेत. तिसरे, चित्रे कागदावरच्या एका पानावर न घेता पेनड्राइव्हवर किंवा मोबाइलवर मूळ स्वरूपात मागून घ्या. महिन्याभराने दुसरीकडे दाखवताना तीच तुमची खरी शिदोरी आहे.

उजव्या डोळ्याची तक्रार असली तरी डाव्या डोळ्याचाही स्कॅन हवा. विजेची इजा वारंवार दोन्ही डोळ्यांना होते. ज्या डोळ्याला जास्त झाली त्याच्या तक्रारीत कमी झालेला डोळा झाकला जातो.

सोबत आणखी काय पाहायचे ते परिस्थितीवर अवलंबून आहे. बाहुल्या समान आहेत का, बॅटरी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेताना त्या सारख्या आकसतात का, हे थेंब घालण्याआधीच पाहून लिहून ठेवले पाहिजे. एकदा बाहुली मोठी करण्याचे थेंब घातले की ही माहिती गेली. लाल रंग दोन्ही डोळ्यांना सारखाच लाल दिसतो का, हे घरीही विचारता येते. उजव्याला तो फिका दिसत असेल तर दृष्टिचेतेचा संशय येतो आणि मग व्हीईपी (डोळ्याकडून मेंदूपर्यंत संदेश कसा पोहोचतो ते मोजणारी चाचणी) आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी करावी लागते. चेतेच्या तंतूंचा थर ओसीटीमध्ये मोजता येतो, पण तो पातळ व्हायला काही आठवडे लागतात; पहिला आकडा चांगला आला म्हणजे चेता बचावली असे समजू नये. पडद्याच्या रक्तवाहिन्यांची शंका असेल तरच हातात इंजेक्शन देऊन काढायची अँजिओग्राफी करतो, एरवी नाही. कानाच्या शिटीसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांना मात्र नक्की दाखवा.

तुमचा सर्वांत कठीण प्रश्न म्हणजे नजर परत येईल का. हे स्कॅन ठरवेल. माझ्या अनुभवात पाण्याचे फोड असलेल्या डोळ्यांची सुधारणा बऱ्याचदा काही आठवड्यांत सुरू होते. कणकवली भागातील एक शेतकरी बाई वीज पडल्यापासून नवव्या दिवशी माझ्याकडे आल्या. दोन्ही पीतबिंदूंत फोड होते, नजर ६/२४ होती. काहीही शस्त्रक्रिया न करता अडीच महिन्यांत ती ६/९ झाली आणि स्कॅनमध्ये थर पुन्हा जुळलेले दिसले. दोन वर्षांनी त्यांना मोतीबिंदू झाला, तेव्हा पडदा निरोगी झाल्याचे चित्र आमच्या हाती होते. शस्त्रक्रियेनंतर काय दिसेल हे मी त्यांना छातीठोकपणे सांगू शकलो आणि तसेच दिसले. त्या मालवणच्या रापणकराला मी जे देऊ शकलो नाही, ते या बाईंना देता आले, आणि फरक फक्त पहिल्या भेटीच्या दिवसाचा व एका चित्राचा होता.

आरपार छिद्र असेल तर लगेच शस्त्रक्रिया करावी असे नाही. इजेमुळे पडलेली लहान छिद्रे काही वेळा आपोआप मिटतात. म्हणून मी दर दोन-तीन आठवड्यांनी स्कॅन करीत काही आठवडे वाट पाहतो, पण नजर उतरत असेल किंवा छिद्राच्या कडा उचलत असतील तर थांबत नाही. अशा छिद्रावर शस्त्रक्रिया होऊ शकते हे केली आणि वेंडेल या अमेरिकन डॉक्टरांनी १९९१ मध्येच दाखवले. डोळ्यातील जेलीसारखा द्रव काढून छिद्राभोवतीचे अतिशय पातळ आवरण सोलतात आणि डोळ्यात गॅस भरतात. नंतर काही दिवस मान खाली ठेवावी लागते. छिद्र बंद होणे आणि नजर येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कारण खालच्या पेशी जळून गेल्या असतील तर बंद झालेल्या छिद्रामागे पाहणारे कोणी उरलेले नसते. घाटाखालच्या माणसांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डोळ्यात गॅस असताना उंचीवर गेल्यास तो गॅस फुगतो आणि डोळ्याचा दाब वाढतो. विमान तर वर्ज्यच. पण किनाऱ्यावर किंवा गोव्यात शस्त्रक्रिया करून आठवड्याभरात आंबोली किंवा गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर गाठणेही योग्य नव्हे. कुठे शस्त्रक्रिया करायची हे ठरवताना येण्याजाण्याचा रस्ता डॉक्टरांना आधी सांगा.

स्टिरॉइडविषयी तुम्हाला कोणी ना कोणी सांगेल. मोठ्या मात्रेत स्टिरॉइड दिल्यावर विजेच्या काही रुग्णांची नजर सुधारल्याचे वैद्यकीय नियतकालिकांत छापले गेले आहे. पण तसे रुग्ण मोजके आहेत, आणि स्टिरॉइड न देताही सुधारलेले रुग्ण आहेत. डोळ्यात सूज किंवा दाह स्पष्ट दिसत असेल तर मी थेंब देतो, चेतेला सूज असेल तर गोळ्या-इंजेक्शनचा विचार करतो. ५८ वर्षांच्या माणसाची रक्तशर्करा पाहिल्याशिवाय तीन आठवड्यांनंतर सरसकट स्टिरॉइड सुरू करणे मला पटत नाही.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लागू शकते, असे गृहीत धरा, पण घाई करू नका. पीतबिंदूत सूज असताना भिंग काढले तर ती सूज वाढू शकते. स्कॅनमध्ये पडदा शांत झालेला दिसला, सलग दोन भेटींत बदल नाही असे झाले, म्हणजे काढावे. भिंगाला धरून ठेवणारे बारीक धागेही धक्क्याने सैल झालेले असू शकतात. शस्त्रक्रिया करणाऱ्याला विजेचा इतिहास ठाऊक असणे त्यासाठीही आवश्यक आहे.

पहिल्या तपासणीनंतर मी सर्वसाधारणपणे दोन-तीन आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि पुढे काही वर्षे वर्षातून एकदा बोलावतो. मधल्या काळात घरी करायची परीक्षा सोपी आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयाचे पान घ्या, वाचनाचा चष्मा लावून वाचतो तेवढ्या अंतरावर धरा, एक डोळा तळहाताने झाका आणि मधल्या चौकटीतील तारखेकडे पाहा. आजूबाजूच्या रेघा सरळ आहेत का, एखादी चौकट गळते का, वाकडेपणा कालच्यापेक्षा वाढला का, हे पाहून तारखेसह लिहून ठेवा. वडिलांनी ‘डोळ्यात अजून वीज चमकते’ असे म्हटले, तर ती मनातली भीती आहे असे समजून दुर्लक्ष करू नका. डोळ्यात कडेला वारंवार चमक दिसणे, अचानक काळ्या माश्या उडू लागणे, बाजूने पडदा ओढल्यासारखी सावली येणे ही पडदा फाटल्याची किंवा सुटल्याची खूण असू शकते आणि तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो, पुढचा सोमवार नव्हे.

सरकारी मदतीचा विचार असेल तर तलाठ्यांचा पंचनामा, ग्रामीण रुग्णालयाचे कागद आणि हा पहिला स्कॅन एकत्र ठेवा. वर्षाने नजर कमी असल्याचे दाखवताना ती कशामुळे कमी झाली हेही दाखवावे लागते.

प्रश्नात नसलेली एक गोष्ट, कारण हे उत्तर वाचणाऱ्या कोणावर तरी तशी वेळ येऊ शकते. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावणे सुरक्षित आहे. श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबणे आणि तोंडाने श्वास देणे सुरू करावे. बेशुद्ध माणसाच्या बाहुल्या मोठ्या होऊन उजेडाला प्रतिसाद देत नसल्या, तरी विजेच्या आघातात ती मृत्यूची खूण धरू नये, कारण बाहुलीच्या नसांवर विजेचा थेट परिणाम होतो आणि तो कित्येकदा तात्पुरता असतो. बाहुली पाहून कोणीही हात थांबवू नये.

राहिला कलमांवर चढण्याचा प्रश्न. फांदी किती लांब आहे याचा अंदाज दोन्ही डोळ्यांची चित्रे मेंदूत जुळतात तेव्हा येतो. एका डोळ्याचे केंद्र गेले की माणूस सपाट जमिनीवर नेहमीसारखा वावरतो आणि त्यामुळे आपल्याला काहीच झाले नाही असे त्याला वाटते. चुकतो तो पायरीवर, बांधावर आणि फांदीवर. त्या शेतकरी बाईंना मी ६/९ नजर आल्यानंतरही पहिले काही महिने विहिरीच्या पायऱ्या एकट्याने उतरू दिल्या नव्हत्या. तुमच्या वडिलांनी मोहोरावरची फवारणी या वर्षी दुसऱ्याकडून करून घ्यावी आणि मार्चमध्ये काढणी सुरू होईल तेव्हा झेला (आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी) घेऊन जमिनीवरून हाताला येतील तेवढेच आंबे उतरवावेत. वरच्या फांद्यांसाठी गडी लावा. फेब्रुवारीच्या अखेरीस दोन्ही डोळ्यांचा पुन्हा स्कॅन झाला आणि तो आताच्या स्कॅनशेजारी ठेवून पाहता आला, की पुढच्या हंगामाचे तेव्हा ठरवता येईल.